भोसरीचा कारखाना आणि न झालेली पाइपलाइन

हे प्रकरण भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्याचं आहे. नावं दिलेली नाहीत. नाती आणि रकमा ओळख पटणार नाही इतपत बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र तोच आहे. या कारखान्याचं कॉस्टिंग बरीच वर्षं माझ्याकडे आहे. निर्णय झाले तेव्हा मी समोर बसलेलो असे; सही माझी नसे.

विषय कॅनडातल्या आल्बर्टा प्रांताच्या तेलाचा आणि ते अमेरिकेत नेण्यासाठी आखलेल्या, पण रद्द झालेल्या कीस्टोन एक्सएल पाइपलाइनचा. त्यावर ढिगाने लिहिलं गेलंय, पण बहुतेक लिखाण दोन टोकांचं. एक म्हणतो, प्रांत बुडाला. दुसरा म्हणतो, कुठे काय बिघडलं, पुढच्या दोन वर्षांत तिजोरी भरून वाहिली की. भोसरीतून बघताना मला दोन्ही अपुरं वाटतं. तिजोरी भरली हे खरं. पण ज्यांचं पोट तेल काढण्यावर नव्हे तर तेलाचा पसारा वाढण्यावर चालतं, त्यांच्यापर्यंत तो पैसा झिरपला नाही. आमचा कारखाना त्यांतलाच एक, फक्त बारा हजार किलोमीटर लांब बसलेला.

## कारखाना

कारखान्याचे मालक अण्णा. त्यांनी सुरुवात केली ती इथल्या बहुतेकांसारखीच, वाहनांच्या सुट्या भागांच्या जॉबवर्कने. मोठ्या कंपनीचं शेड्यूल आलं की तिन्ही शिफ्ट, नाही आलं की कामगार चहाच्या टपरीवर. त्याला कंटाळून ते फ्लँज, म्हणजे पाइप एकमेकांना जोडायच्या कड्या, आणि व्हॉल्व्हच्या बॉडीकडे वळले. मूळचे कोथरूडचे एक इंजिनिअर आल्बर्टाची राजधानी एडमंटनच्या दक्षिणेला निस्कू नावाच्या औद्योगिक वसाहतीत स्थायिक झाले होते. तेलक्षेत्राला माल पुरवणाऱ्या तिथल्या दोन कंपन्यांचं काम त्यांनी मिळवून दिलं. कारखान्यात सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणतो. तेल शंभर डॉलरच्या वर होतं त्या काळात निम्म्याहून अधिक उलाढाल दादांच्या हातून येत होती.

हा माल साधा नव्हे. आल्बर्टात हिवाळ्यात पारा उणे तीस-चाळीसपर्यंत उतरतो आणि साधं कार्बन स्टील त्या थंडीत ठिसूळ होतं. म्हणून फ्लँजना एलएफ-टू ग्रेडचं फोर्जिंग लागतं आणि त्याची चार्पी चाचणी उणे ४६ अंशांवर होते. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि लॅबमध्ये धुरकट थंड द्रावाच्या भांड्यात बुडवलेले बोटाएवढे तुकडे: ५५ मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर चौरस, मधोमध व्ही आकाराची खाच. चिमट्याने तुकडा उचलायचा, पाच सेकंदांच्या आत हातोड्यासमोर ठेवायचा आणि हातोडा सोडायचा. तुकडा तोडून हातोडा पलीकडे किती वर जातो, त्यावरून स्टीलने किती मार सोसला ते कळतं. तीन तुकड्यांची सरासरी बसली नाही तर त्या हीट नंबरचा, म्हणजे भट्टीच्या त्या एका घाण्यातला, सगळा माल बाजूला. अण्णा या चाचणीला स्वतः उभे राहायचे, वाचन घ्यायला लॅबचा मुलगा असला तरी. या चाचण्या, कॅनडातली नोंदणी, मटेरियल सर्टिफिकेट आणि थर्ड पार्टी इन्स्पेक्शन यांतून तावून निघालेल्या कारखान्याला भाव चांगला मिळतो. एकदा त्या भावाची सवय लागली की वाहनांच्या जॉबवर्ककडे परत जाववत नाही. पुढच्या निर्णयांमागे ही सवय बरीच होती.

मर्यादा होती ती मशीनच्या व्यासाची. कारखान्यातलं सर्वांत मोठं लेथ २४ इंची फ्लँजपर्यंतचं. फ्लँजचं नेहमीचं स्टँडर्ड, बी १६.५, तेही तिथेच संपतं; २६ ते ६० इंचांसाठी बी १६.४७ असं वेगळं. कीस्टोन एक्सएलचा पाइप ३६ इंची होता.

## प्रदेश: तेल भरपूर, वाट अरुंद

आल्बर्टातलं बहुतांश तेल म्हणजे बिट्युमेन, डांबरासारखं घट्ट. ते पाइपमधून वाहावं म्हणून त्यात पातळ हायड्रोकार्बन मिसळतात, साधारण तीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे पाइपची जवळजवळ तिसरा हिस्सा जागा तेल पातळ करणाऱ्या द्रवातच जाते. प्रांताला समुद्रकिनारा नाही. निर्यात होणारं जवळपास सगळं तेल तेव्हा एकाच गिऱ्हाइकाला जायचं, अमेरिकेला.

बाहेर पडायच्या वाटा काढायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पश्चिमेला पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या कितिमाटपर्यंत जाणारी नॉर्दर्न गेटवे २०१६ मध्ये आधी कोर्टात आणि मग सरकारदरबारी संपली. पूर्वेकडची, रोज ११ लाख बॅरलची एनर्जी ईस्ट कंपनीनेच ऑक्टोबर २०१७ मध्ये मागे घेतली. दक्षिणेकडची कीस्टोन एक्सएल २००८ पासून चर्चेत: आल्बर्टातलं हार्डिस्टी ते अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं स्टील सिटी, सुमारे १,९०० किलोमीटर, रोज ८ लाख ३० हजार बॅरल. ओबामांनी २०१५ मध्ये नाकारली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये पुन्हा उभी केली. एक गोष्ट अनेकदा विसरली जाते. जुनी कीस्टोन २०१० पासून चालूच आहे. एक्सएल ही तिच्यावरची जादा वाट होती. ती रद्द झाल्याने वाहतं तेल एक थेंबही थांबलं नाही.

मग नुकसान कुठे होतं? भावाच्या फरकात. पाइप पुरेसे असतील तर आल्बर्टाचं जड तेल अमेरिकन डब्ल्यूटीआय तेलापेक्षा दर्जा आणि वाहतूक यांच्या खर्चाइतकंच स्वस्त विकलं जातं. पाइप भरले की उरलेलं तेल रेल्वेच्या टाक्यांतून न्यावं लागतं आणि ते बरंच महाग पडतं. रेल्वेचा खर्च वजा जाता त्या शेवटच्या बॅरलला जो भाव परवडतो, तोच मग पाइपमधून जाणाऱ्या बॅरललाही लागतो. मार्केट यार्डात न उठलेल्या शेवटच्या शंभर जाळ्यांनी सगळ्या टोमॅटोचा भाव पाडावा तसं. थोडंसं तेल अडतं आणि फटका सगळ्या तेलाला बसतो. सरकारची रॉयल्टी भावावर बेतलेली असल्याने तिजोरीलाही बसतो. तिथे एका डॉलरचा फरक म्हणजे वर्षाला शेकडो दशलक्ष डॉलर.

## २०१८: आधी मिळालेली सूचना

ऑक्टोबर २०१८ मध्ये हा फरक बॅरलमागे ४० डॉलरच्या वर गेला, काही दिवस ५० च्या आसपास होता. नोव्हेंबरमध्ये जड तेल १५ डॉलरच्याही खाली आलं. उत्पादन विक्रमी, पाइप भरलेले, त्यात अमेरिकेच्या मध्य भागातल्या रिफायनऱ्या दुरुस्तीसाठी बंद. २ डिसेंबरला मुख्यमंत्री रेचल नॉटली यांनी जानेवारी २०१९ पासून रोज ३ लाख २५ हजार बॅरलची सक्तीची कपात जाहीर केली. खासगी कंपन्यांना सरकार सांगतंय की तेल कमी काढा! पण उपाय लागू पडला, फरक झपाट्याने आटला.

कपातीवरून उद्योगातच दोन तट पडले, आणि आमच्या प्रकरणात ते फार महत्त्वाचं आहे. सनकोर, हस्की, इम्पीरियल या तेल कंपन्यांच्या स्वतःच्या रिफायनऱ्या होत्या. स्वस्त कच्चं तेल त्यांना दुसऱ्या खिशात फायदा देत होतं, म्हणून त्यांचा विरोध. सेनोव्हस, कॅनेडियन नॅचरल यांच्यासारखे, ज्यांना बरंचसं तेल बाजारभावाने विकावं लागत होतं, ते कपातीच्या बाजूने. म्हणजे ‘उत्पादक प्रदेश’ म्हणून एकसंध काही नसतं. एकाच भावात कोणी रडतो, कोणी हसतो.

दादांच्या दोन ग्राहकांचीही अशीच वाटणी होती. पहिला नव्या विहिरी, नवी टर्मिनल, विस्तार यांना माल द्यायचा. दुसरा चालू प्लांटच्या देखभालीला. २०१८-१९ मध्ये पहिल्याच्या ऑर्डरी आटल्या, दुसऱ्याच्या जशा होत्या तशाच राहिल्या. कारखान्याच्या लेजरमध्ये मात्र दोघेही ‘निर्यात’ या एकाच खात्यावर होते. एकूण बेरीज घटलेली दिसली. अण्णा म्हणाले, “मंदी आहे, जाईल.” दोन खाती वेगळी करून पाहिली असती तर मंदी नेमकी कुठे आहे ते तेव्हाच दिसलं असतं.

## समस्या: जुलै २०२०

३१ मार्च २०२० ला आल्बर्टा सरकारने कीस्टोन एक्सएलमध्ये दीड अब्ज कॅनेडियन डॉलरचं भांडवल आणि त्याशिवाय ६ अब्जांची कर्जहमी जाहीर केली. काम लगेच सुरू झालं. वेळ काय होती पाहा: करोना, तेलाची मागणी कोसळलेली, आणि २० एप्रिलला डब्ल्यूटीआयचा भाव इतिहासात प्रथमच शून्याखाली, उणे ३७.६३ डॉलर. कंपनी स्वतःच्या हिमतीवर पुढे सरकत नव्हती म्हणून सरकारने खांदा दिला. काम जितकं पुढे जाईल तितकं ते रद्द करणं अवघड होईल, असाही हिशेब त्यामागे असावा असं मला वाटतं.

इकडे भोसरी लॉकडाउनमधून नुकती उघडत होती. निम्मे कामगार गावी गेलेले, वाहनउद्योग थंड. जुलैत दादांचा फोन आला: पहिल्या ग्राहकाला हार्डिस्टीच्या बाजूला टर्मिनलची कामं मिळायची दाट शक्यता, मापं ३० ते ३६ इंच, पहिल्या खेपेसाठी लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे काम द्यायचा इरादा सांगणारं पत्र, लगेच देतो म्हणतोय. पीओ, म्हणजे पक्की खरेदी ऑर्डर, पुढच्या तिमाहीत.

अण्णांचा पुतण्या तेव्हा कारखान्यात येऊन तीनेक वर्षं झाली होती. मेकॅनिकल झालेला, चाकणच्या एका कंपनीत उमेदवारी केलेला, मशीनवर हात असलेला मुलगा. त्याला व्हीटीएल, म्हणजे उभं लेथ, घ्यायचं होतं. किंमत कारखान्याच्या सहा महिन्यांच्या उलाढालीच्या जवळ जाणारी.

“अण्णा, सरकारने स्वतःचे पैसे घातलेत. सरकार पैसे बुडवून घेईल का?”

“सरकारचे कधी बुडतात? बुडतात ते लोकांचे. पवनेची पाइप आठवते ना?”

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही. पवना धरणातून शहराला बंद जलवाहिनीने पाणी आणायची योजना मंजूर होती, काम सुरू झालं होतं. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर मावळातल्या शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला आणि काम वर्षानुवर्षं ठप्प झालं. अण्णांचा मुद्दा इतकाच होता की, कागदावरची मंजुरी वेगळी आणि ज्यांच्या जमिनीखालून पाइप जायचा त्यांची मंजुरी वेगळी. कीस्टोन एक्सएललाही नेब्रास्कातले शेतकरी, मूलनिवासी समाज आणि हवामानबदलावर काम करणाऱ्या संघटना दहा वर्षं विरोध करतच होत्या. ओगालाला या प्रचंड भूजलसाठ्याची काळजी त्यात होती, आणि ती काही खोटी म्हणता येणार नाही.

## पर्याय

चार पर्याय मांडले गेले. नवीन व्हीटीएल कर्ज काढून घेणं हा पहिला. चाकणला ज्यांच्याकडे मोठं मशीन आहे त्यांच्याकडून मशीनिंग करून घेणं, फोर्जिंग आणि कागदपत्रं आपली, हा दुसरा. यात नफा निम्म्याच्याही खाली येत होता. २४ इंचांपुढचं काम सरळ नाकारणं हा तिसरा. आणि चौथा, ग्राहकाकडून कच्च्या मालापुरता तरी ॲडव्हान्स मागणं.

चौथ्यावर चर्चा सगळ्यांत कमी झाली. दादा म्हणाले, “आत्ता पैसे मागितले तर तो दुसरीकडे जाईल,” आणि विषय तिथेच थांबला. माझ्या मते या प्रकरणातला खरा वळणाचा क्षण हाच. पैसे मागून नकार आला असता, तर ग्राहकाचा स्वतःचा त्या कामावर किती भरवसा आहे ते फुकटात कळलं असतं.

आणखी एक गोष्ट बँकेत घडली. लेटर ऑफ इंटेंटवर पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधीचं निर्यात कर्ज, मिळणार नाही, पक्की ऑर्डर किंवा एलसी (ग्राहकाच्या बँकेची हमी) आणा, असं मॅनेजरने सांगितलं. पुतण्याला ती बँकेची नेहमीची आडमुठी रीत वाटली. त्याच सुमारास केंद्राच्या आपत्कालीन कर्जहमी योजनेतून २९ फेब्रुवारी २०२० च्या शिल्लक कर्जाच्या २० टक्के रक्कम विनातारण मिळाली होती. ती पगार आणि रोजच्या खर्चासाठी होती. हाताशी पैसा आला की बँकेचा नकार ऐकू येत नाही.

## काय केलं

निर्णय झाला तो अण्णा आणि पुतण्या यांच्यातली तडजोड होता. व्हीटीएल बुक करायचं, दहा टक्के आगाऊ भरायचे. पण डिलिव्हरी पीओ आल्यावरच घ्यायची, तशी अट पुरवठादाराच्या कागदात लिहून घ्यायची. ही अट अण्णांची. मशीनचा पाया मात्र लगेच घालायचा, कारण काँक्रीट पुरतं पक्कं व्हायला वेळ लागतो. हा आग्रह पुतण्याचा. आणि पहिल्या खेपेचे ३६ इंची फोर्ज्ड रिंग मागवायचे, कारण फोर्जिंगवाल्याची डिलिव्हरी लांबत होती.

पाया झाला. शेडच्या मागच्या कोपऱ्यात चौथरा आणि त्यातून वर आलेले अँकर बोल्ट. गंज लागू नये म्हणून त्यांना ग्रीस लावून पोत्याचे तुकडे बांधले होते. डिसेंबरमध्ये रिंग आले, एका ट्रेलरभर. चाचण्या उत्तम लागल्या. चार्पीचे आकडे इतके छान होते की अण्णांनी तो रिपोर्ट दादांना फोटो काढून पाठवला. पीओ आली नव्हती.

इथे मधल्या काळातल्या दोन बातम्या नोंदवायला हव्यात, कारण त्या गुप्त नव्हत्या. बायडेन यांच्या प्रचारयंत्रणेने मे २०२० मध्येच जाहीर केलं होतं की निवडून आलो तर पाइपलाइनचा सीमा ओलांडायचा परवाना मागे घेऊ. आणि मार्च २०१९ मध्ये ट्रम्प यांनी दिलेल्या परवान्यातच लिहिलेलं होतं की अध्यक्ष तो केव्हाही, केवळ स्वतःच्या मर्जीने रद्द करू शकतात. म्हणजे अख्ख्या प्रकल्पाचं भवितव्य नोव्हेंबरच्या एका मतदानावर लटकलेलं होतं. आल्बर्टा सरकारने पैसे घातले त्यानंतर प्रचाराची घोषणा आली. आमच्या कारखान्याने पैसे घातले त्याच्या दोन महिने आधी आली होती. या एका बाबतीत भोसरीकडे एडमंटनपेक्षा जास्त माहिती होती.

## २० जानेवारी २०२१

परवाना जाणार ही बातमी १७ जानेवारीलाच फुटली. २० तारखेला शपथविधीनंतर काही तासांत बायडेन यांनी सही केली; इकडे २१ ची पहाट होती. दोन दिवसांनी ग्राहकाची दोन ओळींची मेल आली, काम तूर्त थांबवलंय म्हणून. लेटर ऑफ इंटेंटमध्ये भरपाईचं एकही कलम नव्हतं. निर्यातीचा विमा उतरवणाऱ्या ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा होता, पण तो माल पाठवल्यानंतर पैसे बुडाले तर. न पाठवलेल्या, ऑर्डरच नसलेल्या मालाला कोण विमा देणार?

पुढचे दोन आठवडे अण्णा पुतण्याशी कामापुरतंच बोलले. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच विषय काढला. “रिंग विकायच्या मागे लाग. मशीनवाल्याशी मी बोलतो.” प्रत्यक्षात उलटं झालं, मशीनवाल्याशी पुतण्याच बोलला आणि चांगलं बोलला. डिलिव्हरीची अट कागदावर असल्याने पूर्ण रक्कम जप्त करणं पुरवठादारालाही जड होतं. निम्मी आगाऊ रक्कम त्याने ठेवून घेतली, निम्मी एका लहान सीएनसी टर्निंग सेंटरच्या किमतीत वळती केली.

रिंगच्या बाबतीत नशिबाने हात दिला. २०२१ मध्ये पोलादाचे भाव जोरात चढले. रिंग घेतले तेव्हा होता त्यापेक्षा भंगाराचा भावही वर गेला होता. ज्यांना मोठ्या व्यासाचे रिंग लागतात अशा दोन ठिकाणी बहुतेक माल गेला, उरलेला कापून विकला. तोटा झाला, पण जानेवारीत वाटला होता त्याच्या पाव हिस्सा. हे कोणाचं कौशल्य नव्हे. पोलाद उतरलं असतं तर हेच प्रकरण बंद पडलेल्या कारखान्याचं म्हणून लिहावं लागलं असतं.

खरा सावरण्याचा मार्ग दुसऱ्या ग्राहकाकडून आला, ज्याच्याकडे इतकी वर्षं कोणी नीट पाहिलं नव्हतं. आल्बर्टात तेल निघतच होतं, रोज ३० लाख बॅरलहून जास्त. चालू प्लांट ठरावीक काळाने बंद करून दुरुस्त करावेच लागतात. तेव्हा लागतात ते फ्लँज लहान, प्रकार अनेक, नग थोडे आणि घाई फार. कंटेनरचं भाडं तेव्हा गगनाला भिडलेलं, त्यामुळे तातडीचे नग विमानाने गेले आणि भाडं ग्राहकाने सोसलं, कारण बंद प्लांटचा एक दिवस त्याहून महाग. पंधरा प्रकारचे चार-चार नग काढायची शिस्त कारखान्यात होतीच. ती वाहनांच्या जॉबवर्कने लावलेली, ज्याला अण्णा कंटाळले होते. नवं सीएनसी याच कामाला लागलं.

## प्रदेशाचं काय झालं

पाइपलाइन कंपनी टीसी एनर्जीने लगेच सांगितलं की हजारांहून जास्त नोकऱ्या जातील, त्या बहुतेक बांधकाम कामगारांच्या. त्या तिमाहीत तिने करोत्तर २.२ अब्ज कॅनेडियन डॉलरचा तोटा लिहून टाकला आणि ९ जून २०२१ ला प्रकल्प अधिकृतपणे संपवला. आल्बर्टा सरकारचं नुकसान सुमारे १.३ अब्ज डॉलर. कंपनीने पुढे अमेरिकेकडे १५ अब्ज अमेरिकन डॉलरची भरपाई मागितली. २०२४ मध्ये लवादाने ती फेटाळली.

म्हणजे रोख बुडाली ती पाइप होणार असं धरून आधीच घातलेली. वाहत्या तेलाचं काय? ऑक्टोबर २०२१ मध्ये एनब्रिज कंपनीची अमेरिकेत जाणारी नवी पाइपलाइन, लाइन ३, सुरू झाली आणि वाट थोडी रुंदावली. मग भाव चढले. २०२०-२१ मध्ये प्रांताचं खनिज संपत्तीचं उत्पन्न सुमारे ३ अब्ज डॉलर होतं, २०२२-२३ मध्ये ते विक्रमी २५.२ अब्ज झालं. पाइपलाइन रद्द झाल्यावर दोन वर्षांत! यावरून ‘पाइपचा काही उपयोगच नव्हता’ म्हणणारे चुकतात. २०२२ च्या अखेरीस फरक पुन्हा २५ डॉलरच्या पुढे गेलाच होता. भाव चढल्याने फरकाची जखम झाकली गेली, एवढंच.

पण दादांच्या निस्कूत तो पैसा दिसला नाही. तेल कंपन्यांनी या वेळी नवे प्लांट न उभारता कर्ज फेडलं, लाभांश दिला, स्वतःचे शेअर विकत घेतले. सेनोव्हस आणि हस्की एकत्र आल्या आणि त्यात सुमारे दोन हजार नोकऱ्या गेल्या. तेल कंपन्यांची मुख्यालयं असलेल्या कॅलगरीच्या मध्यवस्तीत जवळपास एक तृतीयांश ऑफिसं रिकामी होती. २०१४ च्या आधी भाव चढला की निस्कूतल्या यार्डांत माणसं अपुरी पडत. २०२२ मध्ये भाव चढला तेव्हा दादा फोनवर म्हणाले, “पेट्रोल महागलं, एवढंच आम्हाला कळलं.” आमच्या पहिल्या ग्राहकाने त्याच वर्षी एक शेड भाड्याने देऊन टाकली.

१ मे २०२४ ला ट्रान्स माउंटन पाइपलाइनचा विस्तार सुरू झाला आणि आल्बर्टाला पॅसिफिकची वाट मोठी झाली. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१८ मध्ये साडेचार अब्ज कॅनेडियन डॉलरना विकत घेतलेल्या या प्रकल्पाचा विस्तार सुमारे ३४ अब्जांना पडला. भावातला फरक त्यानंतर आटोक्यात आला. तो खर्च पाइप वापरणाऱ्यांकडून किती वसूल होईल आणि करदात्यांच्या माथी किती राहील, यावर कॅनडात अजून भांडण आहे.

## वेगळं काय करता आलं असतं

ट्रम्प पुन्हा निवडून आले असते तर पुतण्या दूरदृष्टीचा ठरला असता आणि अण्णा भित्रे. म्हणून निकालावरून निर्णय जोखण्यात अर्थ नाही. जोखायचं ते एवढंच की तेवढीच संधी कमी पैसे अडकवून घेता आली असती का. माझं उत्तर होय असं आहे. चाकणच्या मशीनवर काम करून घेतलं असतं तर नफा निम्मा झाला असता, पण पाया, आगाऊ रक्कम काहीच अडकलं नसतं. पीओ आल्यावर, पहिली खेप गेल्यावर मशीन घेता आलं असतं. पुतण्याला आजही हे पूर्ण पटत नाही. त्याचं म्हणणं, स्वतःचं मशीन नसेल तर ग्राहक पहिली खेपही देत नाही. त्यात तथ्य आहे, विशेषतः ज्या ग्राहकाचा माणूस ऑडिटला येऊन मशीनं मोजतो त्याच्या बाबतीत.

रिंगची खरेदी मात्र मला समर्थनीय वाटत नाही. मशीन परत विकता येतं, ऑर्डरच्या मापाचं फोर्जिंग विकायला नशीब लागतं. कच्चा माल ग्राहकाच्या खर्चाने किंवा निदान न परतणाऱ्या आगाऊ रकमेवर, ही अट तेव्हा घालायला हवी होती. बँकेने ज्या कागदावर पैसे दिले नाहीत त्या कागदावर पगाराचे पैसे लावले गेले, हे त्याहून वाईट.

अण्णांनी यातून काढलेला निष्कर्षही मला टोकाचा वाटतो. २४ इंचांपुढचं काम आता ते ऐकूनच घेत नाहीत. घात मोठ्या मापाने केला नव्हता. एकाच ग्राहकाच्या एकाच आशेवर तीन खर्च एकदम केले, तिथे गणित फसलं. लेजरमध्ये आता ‘निर्यात-विस्तार’ आणि ‘निर्यात-देखभाल’ अशी दोन खाती आहेत, आणि पहिल्या खात्याच्या भरवशावर कर्ज काढायचं नाही असं पुतण्यानेच ठरवून टाकलंय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी कीस्टोन एक्सएल पुन्हा बांधा असं जाहीरपणे लिहिलं आणि त्या आठवड्यात दादांचा फोन आला. अण्णा नाही म्हणाले. पुतण्याने त्यांना विचारून कोटेशन पाठवलं: मशीनिंग चाकणला, फोर्जिंगचे पैसे ग्राहकाने आधी भरायचे, पीओशिवाय काही नाही. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. चौथऱ्यावर सध्या देखभालीच्या मालाच्या पेट्या रचतात. बोल्ट कापून टाकू का, असं पुतण्याने मध्ये विचारलं होतं, अण्णा म्हणाले राहू देत.